हरिसा आणि उतार

हरिसा, म्हणजे मटण-तांदूळ रात्रभर शिजवून घोटलेली काश्मिरी न्याहारी, सकाळी दहाच्या आत संपतो, आणि गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, साधारण त्याच सुमारास सुरू होतो. हरिसा मिळतो श्रीनगरच्या जुन्या शहरात, अलीकदलच्या आसपासच्या गल्ल्यांत. गोंडोला तिथून पन्नासेक किलोमीटर लांब आणि हजार मीटर उंच. एका सकाळी दोन्ही साधत नाही. गेले काही आठवडे आमच्या घरी फेब्रुवारीतल्या छोट्या सहलीची जी आखणी चालली आहे, तिचा सगळा गुंता या एका ठिकाणी आहे.

आम्ही म्हणजे दादा, वहिनी आणि मी. दादाला उतार हवेत, जितके जास्त तितके चांगले. वहिनी पक्की शाकाहारी, आणि पायाला फळ्या बांधून डोंगरावरून घसरण्याबद्दल तिचं मत ती लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बाईच्या सौम्यपणाने मांडते. मी औलीला शिबिरात पडत-धडपडत स्की करायला शिकले, नंतर गुलमर्गला गेले, आणि तिथून परतताना लक्षात आलं की मला आठवतंय ते निम्मं बर्फातलं आहे आणि निम्मं ताटातलं. त्यामुळे या वेळी आखणी माझ्याकडे आली.

गुलमर्गला मराठी माणूस काही कमी जात नाही. गोंडोलाच्या रांगेत पाच मिनिटं उभं राहा, मागून कुणीतरी ‘अहो, स्वेटर आत घातलाय ना?’ असं विचारतंच. पण आपली गुलमर्गची भेट बहुधा काही तासांची असते. श्रीनगरहून सकाळी निघायचं, पायथ्याच्या टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि कुणाकुणाच्या अंगाचा वास असलेले लांब कोट चढवायचे, वर जाऊन स्लेजवाल्याशी घासाघीस करायची, बर्फाचे गोळे, फोटो, आणि अंधाराच्या आत परत. रात्री हॉटेलात टूर कंपनीने सोबत आणलेले आचारी गरम पोळ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा वाढतात. त्या आचाऱ्यांबद्दल मला आदर आहे. उणे तापमानात पन्नास माणसांच्या पोळ्या लाटणं हे साधं काम नाही. पण एवढं लांब जाऊन तिथला डोंगर बुटाच्या उंचीपर्यंतच आणि तिथलं जेवण कहव्याच्या, म्हणजे तिथल्या मसाल्याच्या चहाच्या, एका कपापुरतंच बघायचं, हे मला पटत नाही. आखणी करताना मी पहिली रेघ ओढली ती इथे: कमी ठिकाणं, जास्त मुक्काम. पहलगाम नाही, सोनमर्ग नाही, ट्युलिप तर फेब्रुवारीत नसतातच. श्रीनगर आणि गुलमर्ग, बस्स.

डोंगर आणि जेवण या दोन वेगळ्या हौशी आहेत, दोन्ही एकाच सहलीत कोंबायच्या आहेत, असं दादा धरून चालला होता. काश्मीरमध्ये तसं नाही. तिथला हिवाळी स्वयंपाक आणि तिथलं बर्फ एकाच थंडीतून आलेत. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ओलसर हवेच्या लाटा, पीर पंजालच्या डोंगररांगेला अडतात आणि गुलमर्गवर बर्फ टाकतात. तेच बर्फ आणि त्याने सुटलेल्या दरडी जम्मू-श्रीनगर रस्ता बंद पाडायच्या आणि खोऱ्यात भाजीचा ट्रक यायचा नाही. म्हणून उन्हाळ्यात दुधी, वांगी, टोमॅटो कापून, माळा करून, घराच्या भिंतीवर आणि छपरावर वाळवायचे. दुधीच्या वाळवलेल्या चकत्या म्हणजे अल हच्छ, वांग्यांचे वांगन हच्छ, टोमॅटोचे रुवांगन हच्छ. आपल्या आज्या चैत्र-वैशाखात सांडगे आणि कुरडया घालत ते पावसाळ्यासाठी, यांचं वाळवण बर्फासाठी. आता बोगदे झाले आहेत, २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वेही धावते, फ्लॉवर आणि सिमला मिरची जानेवारीतही मिळते. तरी श्रीनगरच्या बाजारात हिवाळ्यात सुक्या भाज्यांच्या माळा लटकतात आणि लोक घेतात, कारण वाळलेल्या दुधीची मटणाबरोबर शिजल्यावर जी चिवट, गोडसर चव लागते, ती ताज्याला येत नाही.

हरिसाही थंडीचाच. थंडी म्हणजे चिल्लई कलान, २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे ४० दिवस. त्यानंतर २० दिवसांचा चिल्लई खुर्द आणि १० दिवसांचा चिल्लई बच्चा. या काळात हरिसावाल्याच्या दुकानात ओट्यात रुतवलेलं मोठं भांडं असतं, खाली लाकडाची आच. मटण, तांदूळ, बडीशेप, दालचिनी, वेलची रात्रभर शिजतात. हाडं काढून टाकायची आणि लाकडी दांड्याने घोटत राहायचं, इतकं की मांसाचा धागा आणि भाताचं शीत वेगळं ओळखू येऊ नये. पहाटे गिऱ्हाईक येतं. वजनावर मिळतो. वरून कडकडीत तेल ओततात, त्याचा चर्र आवाज येतो, बाजूला एखादा कबाब, आणि कांदुरच्या, म्हणजे तिथल्या भटाऱ्याच्या, तंदूरमधली गरम गिरदा रोटी. बसायला फळी, समोर भिंत, शेजारी फेरनच्या सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसलेला कुणीतरी वयस्कर माणूस, जो तुमच्याकडे बघून आधी ‘और लो’ म्हणतो आणि मग कुठून आलात ते विचारतो. एवढं खाऊन दुपारपर्यंत भूक लागत नाही, आणि गारठाही वाजत नाही. थंडीतल्या अंगमेहनतीसाठी याहून चांगली न्याहारी मला माहीत नाही, आणि दुःख हे की ती नेमकी स्कीच्या उतारांपासून दोन तास लांब मिळते.

आता उतारांबद्दल. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर वर. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगदूरीपर्यंत नेतो, तीन हजार मीटरच्या थोडं वर. दुसरा टप्पा २००५ चा, तो अफरवट शिखराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब काढला होता १९२७ मध्ये. तेव्हा वर जायला पाय होते. गंमत अशी की आजही गुलमर्गची मजा त्या काळाच्या फार लांब गेलेली नाही. युरोपातल्यासारखं यंत्राने सपाट केलेल्या, रंगांनी खुणावलेल्या शेकडो किलोमीटरच्या वाटांचं जाळं इथे नाही. गावाच्या मध्ये, उन्हाळ्यात जिथे गोल्फ चालतं तिथे, शिकाऊंसाठी सौम्य उतार आणि ओढून वर नेणारे छोटे लिफ्ट. कोंगदूरीहून गोंडोलाच्या तारांखालून, फरच्या झाडांमधून उतरणारी वाट. आणि सगळ्यात वर अफरवटचा उघडा, प्रचंड कटोरा, जिथे जगभरातून लोक ताज्या भुसभुशीत बर्फासाठी येतात.

दादाच्या यादीत अफरवट पहिल्या दिवशी होतं. ते मी खोडलं. पुण्याहून सकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी चार हजार मीटरवर जड बूट घालून गुडघे वाकवायला लागला, तर धाप लागते, डोकं दुखतं आणि मग तो उतारांना नावं ठेवतो. शिवाय वरचा टप्पा वारा आणि हिमस्खलनाचा धोका बघून उघडतो, बंद होतो. तिकीट हातात असून दिवसभर खाली बसावं लागतं. ताजं बर्फ पडल्यावर तर आधी गस्तीचं पथक उतार तपासतं. खुणेच्या दोरीपलीकडे जे आहे ते सुंदर आहे आणि त्याला माफी नाही: २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटच्या बाजूला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. स्थानिक गाइडशिवाय तिकडे वळायचं नाही, हा नियम दादाकडून मी वदवून घेतला आहे, वहिनीसमोर, म्हणजे तो मोडला जाणार नाही.

माझ्यासारख्या मध्यम कुवतीच्या माणसाला कोंगदूरीची वाट पुरते. झाडांच्या सावलीतलं बर्फ सकाळी घट्ट आणि कर्रकर्र वाजणारं असतं, उन्हाच्या पट्ट्यात आलं की अचानक मऊ होतं आणि फळ्या अडखळतात. त्या बदलाला शरीर सरावलं की दिवस सार्थकी लागला. तोवर शिकवणारा मागून ओरडत असतो, ‘पिझ्झा, मॅडम, पिझ्झा!’ फळ्यांची पुढची टोकं जवळ आणून वेग मारायचा, त्याला तिथे सगळे हेच म्हणतात. गुलमर्गच्या डोंगरावर पिझ्झा एवढाच.

कारण डोंगरावर खायला खरोखर फारसं काही नाही, हे कबूल करायला हवं. कोंगदूरीला मॅगी, राजमा-चावल, चहा, गोड कहवा. मॅगीला मी नाक मुरडणार नाही. तीन हजार मीटरवर बोटं बधिर झाल्यावर वाफाळणारी बशी हातात आली की नाक बरोबर तीच वाफ हुंगतं. पण ‘उत्तम जेवण’ त्याला कुणी म्हणणार नाही. आल्प्समध्ये अर्ध्या उतारावर लाकडी घर, आत पांढरा टेबलक्लॉथ आणि तीन प्रकारचं चीज, असलं चित्र डोक्यात घेऊन गुलमर्गला गेलं तर हिरमोड ठरलेला. इथे उतार वर आहेत आणि स्वयंपाक खाली. आखणी म्हणजे या दोहोंमधल्या रस्त्याची आखणी.

एक तडजोड आहे आणि ती मला आवडते. सकाळी गुलमर्गच्या कांदुरकडून चोचवोर पाव घ्यायचे, तीळ लावलेले, कडेने टणक आणि मधे भोक असलेले. चार जाकिटाच्या खिशात. थर्मासमध्ये नून चाय. हॉटेलात मागितल्याशिवाय ती मिळत नाही, पाहुण्याला कहवाच द्यायचा असतो असा त्यांचा समज. नून चाय गुलाबी असते, खारट असते, आणि पहिल्या घोटाला बहुतेक मराठी माणसं कुणीतरी चेष्टा केल्यासारखा चेहरा करतात. पानं सोडा घालून खूप वेळ उकळायची, मग दूध आणि मीठ. उतारावर घाम गाळल्यावर खारट चहाचा अर्थ कळतो. चोचवोर त्यात बुडवायचा, दात सांभाळायचे, आणि झाडाला टेकून उभ्या उभ्या खायचं. माझ्या मते गुलमर्गवरचं सगळ्यात चांगलं दुपारचं जेवण हे.

दुसरी तडजोड दादासाठी. बर्फ भरपूर असेल आणि गाइड हो म्हणाला, तर जंगलातून बाबारेशीच्या बाजूला किंवा थेट टंगमर्गकडे उतरता येतं. लिफ्ट नाही, खाली पोचलं की गाडी करून वर यायचं. म्हणजे उतार संपतो तिथे बाजार, आणि बाजारात भात, साग, मटण. स्कीचे बूट घालून टंगमर्गच्या साध्या खानावळीत खडखडत शिरणं आणि हाखबरोबर भाताचा डोंगर समोर येणं, यापुढे पांढरा टेबलक्लॉथ कोण विचारतो.

हाखमुळे वहिनीचा प्रश्न निम्मा सुटला. काश्मीर म्हणजे नुसतं मटण, या धास्तीने ती ठेपले आणि मेतकुटाची बरणी भरायच्या तयारीत होती. हाख म्हणजे तिथली हिरवी पालेभाजी: राईचं तेल तापवायचं, पाणी, अख्ख्या मिरच्या, मीठ, झाकण न ठेवता शिजवायचं. मसाला जवळजवळ नाहीच. पंडितांच्या घरी हिंग पडतो. त्यांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, सुंठ आणि बडीशेपेची पूड असते. मुसलमान घरांत प्राण नावाचा छोटा कांदा आणि लसूण असतो. एकाच भाजीची दोन घरं. मग नदरू, म्हणजे कमळकाकडी, दह्यात शिजवलेली यखनी किंवा बेसनात तळलेले नदरू मोंजे. दम ओलव म्हणजे दम आलू, च़ामन म्हणजे पनीर, नवलकोल पानांसकट. वहिनीने ही यादी वाचली आणि मेतकूट परत कपाटात ठेवलं. ठेपले अजून बॅगेत आहेत.

वाजवानबद्दल, म्हणजे मटणाच्या अनेक पदार्थांच्या काश्मिरी मेजवानीबद्दल, आमच्यात सगळ्यात जास्त बोलणं झालं. खरं वाजवान लग्नाघरचं. वाजा म्हणजे आचारी, तो आणि त्याची माणसं आदल्या रात्रीपासून उघड्यावर लाकडं पेटवून शिजवतात, मटण लाकडी हातोड्यांनी कुटतात, चार-चार माणसं एका त्रामीभोवती, म्हणजे मोठ्या ताटाभोवती, बसतात, हात धुवायला तश्त-नारी हे तस्त आणि झारी फिरते. भाताच्या ढिगावर सीख कबाब, तबक माझ, मेथी माझ, मग एकामागून एक रस्से: मिरचीने लाल झालेला मर्चवांगन कोर्मा, कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या मावल फुलाच्या रंगाने तांबूस झालेला मटणाच्या गोळ्यांचा रिस्ता. गुश्ताबा आला की पंगत संपली. दह्याच्या पांढऱ्या रश्शातला तो गोळा नाकारायचा नसतो. बोलावणं नसेल तर रेस्टॉरंटमध्ये जायचं. श्रीनगरच्या रेसिडेन्सी रोडवर १९१८ पासूनचं अहदूज आहे, तिथे रिस्ता-गुश्ताबा नीट बसून, घाई न करता खाता येतो. माझी अट एकच: वाजवान स्कीच्या आदल्या रात्री नको. पोटात गुश्ताबा घेऊन उतारावर पुढे झुकता येत नाही, आणि स्कीमध्ये मागे रेललात की पडलात.

तर क्रम असा लागला. पोचलो त्या दिवशी श्रीनगर, रात्री हलकं: हाख, भात, राजमा. दुसऱ्या दिवशी पहाटे हरिसा, वहिनीसाठी गिरदा आणि नून चाय, आणि मग निवांत टंगमर्गमार्गे वर. बर्फ असेल तर शेवटच्या तेरा किलोमीटरना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी लागते, तिथे वाद घालू नये. त्या दिवशी गोंडोला नाही; फक्त बूट. स्कीच्या सहलीत फळ्यांपेक्षा बूट महत्त्वाचे, आणि भाड्याचे बूट बसायला वेळ लागतो. उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकासा टेकावा, गुडघे वाकवले की मागे सरकावा, टाच उचलली जाऊ नये. दुखत असतील तर लगेच बदलून घ्यायचे. संकोच केला तर पुढचे दिवस रडण्यात जातात. पुढचे दिवस उतार: आधी गावातले, मग कोंगदूरी, आणि हवामान देईल त्या दिवशी दादाचं अफरवट. वहिनी गोंडोलाने वर येईल, उन्हात बसेल, आणि आमच्या पडण्याचे व्हिडिओ काढेल. तिने हे काम मागून घेतलं आहे. मग श्रीनगरला उतरून वाजवान, एक रिकामा दिवस, आणि परत. तो रिकामा दिवस दादाला सलत होता. पण हिवाळ्यात बर्फ किंवा धुक्याने श्रीनगरची विमानं रद्द होतात. विमान रद्द झालंच, तर त्या दिवशी झैना कदलच्या बाजारात अल हच्छच्या माळा घेता येतील.

घरच्यांशी एक बोलणं या सगळ्याच्या आधी झालं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांत डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची माणसं होती. आई अजून काश्मीरचं नाव निघालं की उठून आत जाते. तिला समजावायला माझ्याकडे काही नाही, आणि मी समजावलंही नाही. कुठली ठिकाणं उघडी, कुठली बंद, ते निघायच्या आदल्या आठवड्यापर्यंत बघत राहायचं आणि तिला रोज फोन करायचा, एवढंच ठरलं. फोनसाठी पोस्टपेड सिम लागतं, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. तेही आईनेच आठवण करून दिलं.

तारखा ठरवताना दादाने हवामानाच्या साइट्स उघडल्या आणि मी जुने अनुभव काढले. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते, बर्फ महिना संपता संपता आलं. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणजे आता कुठल्याच तारखेची खात्री नाही. आम्ही फेब्रुवारीचा मधला आठवडा धरला: चिल्लई कलान सरलेला, दिवस जरा मोठा, आणि हरिसावाल्यांची दुकानं अजून चालू.

‘आणि तेव्हाही बर्फ नसलं तर?’ दादाने विचारलं. तो विमानाचे पैसे भरायच्या पानावर थांबला होता.

‘थंडी असेलच ना,’ वहिनी म्हणाली. ‘मग सगळे दिवस खाली राहू. गुलमर्गची खोली रद्द होणारी घे.’

त्याने ती घेतली. दोनशे रुपये जास्त पडले.